कुबेरचा दूधभात

तुम्हाला ठाऊक होतं. मान हलवू नका, तात्याराव. हॉलच्या दारावर ‘शुद्ध वंश, निरोगी वंश’ अशी पाटी रंगवून घेतलीत, त्या पाटीखाली वर्षानुवर्षं खुर्ची टाकून बसलात, आणि तुमच्या नराच्या अंगात काय आहे हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. तरी लोणी काळभोरच्या माणसाचं पिल्लू तडफडून मेलं, तेव्हा तुम्ही त्यालाच विचारलंत, तुमच्या घरात काय शिजतं म्हणून.

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांनी आधी आम्रपालीला ओळखून घ्यावं.

आम्रपाली वारज्याला राहते. पाटबंधारे खात्यात अधिकारी आहे, कालवे आणि फाटे यांच्या नकाशांत तिचं अर्धं आयुष्य गेलंय. नवरा रतन चाकणच्या कारखान्यात. मुलगी शिकायला परगावी गेली आणि घर खायला उठलं, तेव्हा तिने चिमणी आणली. चिमणी म्हणजे यॉर्की जातीची कुत्री. अंगभर रेशमी केस, वजन दुधाच्या चार-पाच पिशव्यांएवढं, आणि तोरा असा की सोसायटीचा वॉचमन तिला बघून पाय खुर्चीवर घेतो.

चिमणी आणली ती नारायण पेठेतल्या तात्यारावांकडून. तात्याराव म्हणजे लहान जातीची कुत्री पाळणाऱ्यांच्या मंडळाचे अध्यक्ष. पुण्यात यॉर्की घ्यायची तर वाट त्यांच्या जिन्यावरूनच जाते. त्यांचा नर कुबेर. सॅटिनच्या उशीवर बसणारा, कपाळावरच्या केसांना रबरबँड लावलेला. शहरातली निम्मी यॉर्की पिल्लं त्याची. चिमणी त्याच्याच बहिणीची लेक, म्हणजे नात्याने भाची. तरी चिमणी वयात आली तेव्हा तात्यारावांनी कुबेरच सुचवला. वंश घट्ट राहतो म्हणाले. आम्रपालीला तेव्हा हसू आलं होतं. माणसांत असल्या सोयरिकी करणाऱ्यांना हेच लोक नाकं मुरडतात, हे तिच्या मनात आलं, ओठांवर नाही आलं.

मंडळाची एक रीत आहे. नर दिला की त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. पिल्लं झाली की पहिली निवड नराच्या मालकाची. बाकीचे लोक ठणठणीत पिल्लू उचलतात. तात्याराव नेहमी सगळ्यात लहान उचलायचे. वीतभर, मरतुकडं, भावंडांच्या पायाखाली येणारं. कारण सगळ्यात लहान पिल्लाला सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्याला ‘टीकप’ म्हणायचं, चहाच्या कपात बसवून फोटो काढायचा, की बाणेर-बालेवाडीतली मंडळी रांग लावतात. ते लहान का राहिलं, हे कोणी विचारत नाही. विचारून चालणारच नसतं. खुरटं रोप कुंडीत लावून त्याला नवी जात म्हणून विकावं, तसा हा धंदा.

चिमणीच्या पहिल्या वेतातलं असलंच एक पिल्लू तात्यारावांनी लोणी काळभोरच्या साईनाथला दिलं. साईनाथची रोपांची नर्सरी. लेकीचा हट्ट म्हणून त्याने पिल्लू घेतलं होतं. मग एके दिवशी आम्रपालीला त्याचा फोन आला. पिल्लाच्या आईचं घर कुठलं हे शोधत शोधत त्याने नंबर मिळवला होता.

“ताई, जेवलं की ह्ये भिताडाला डोकं लावून हुभं ऱ्हातंय,” तो म्हणाला. “डोळं उघडं हायेत, पन दिसत न्हाई त्याला. तोंडातनं लाळ गळतीय. तुमच्याकडल्या ह्येच्या आईला असलं काय हाय का?”

चिमणीला असलं काही नव्हतं. आम्रपालीने तसं सांगितलं आणि त्याला तात्यारावांकडे पाठवलं. पुढच्याच आठवड्यात पिल्लू मेलं. उकडलेलं अंडं आणि कलेजीचे तुकडे खाल्ले होते, लेकीने हौसेने भरवले होते. आधी गोल गोल फिरलं, मग झटके आले, मग संपलं. लेक दोन दिवस जेवली नाही. आणि तात्यारावांनी साईनाथला विचारलं, घरात काय शिजतं तुमच्या? त्याने खरं ते सांगितलं. मग झालं तर, म्हणाले. या जातीला सात्त्विक लागतं. तुमच्या लेकीनेच घास भरवला ना?

ही हकिगत तात्यारावांनी मंडळाच्या चहापानाच्या वेळी सगळ्यांना ऐकवली. ऐकवता ऐकवता नजर आम्रपालीवर ठेवून म्हणाले, “सगळ्यांच्या घरी ही कुत्री रमत नाहीत हो.”

आम्रपालीने कप खाली ठेवला. परत येताना रिक्षात तिला आठवलं, की चिमणी तर रोज उकडलेली कोंबडी खाते आणि वर गॅलरीतली कबुतरं हाकलते. मग सात्त्विकाचा काय संबंध? पण प्रश्न पडणं आणि त्याच्या मागे लागणं यांत अंतर असतं. खोचलेलं वाक्य मात्र आत राहिलं.

यंदा चिमणीला दुसऱ्यांदा पिल्लं झाली. पुन्हा कुबेरचीच. तीन धडधाकट, एक लहान. लहान्याच्या पाठीवर काळा ठिपका होता म्हणून त्याचं नाव तीळ ठेवलं. तात्याराव येऊन बघून गेले, तीळला तळहातावर घेतलं, आणि वार्षिक सभेच्या रविवारी घेऊन जाईन म्हणाले. गिऱ्हाईक ठरलेलं होतं.

तीळ आईचं दूध पीत होता तोवर बरा होता. वरचं खायला लागला आणि बिघडला. कोंबडीचा कुस्करा खाल्ला की बाकीची तिघं एकमेकांचे कान चावत लोळायची. तीळ उठायचा, स्वयंपाकघरात जायचा आणि फ्रिजच्या दाराला कपाळ टेकून उभा राहायचा. शाळेत शिक्षा केलेल्या पोरासारखा. हाक मारली तर वळायचा नाही. हनुवटीखालचे केस लाळेने ओले. तासाभराने पुन्हा ठीक.

भिताडाला डोकं लावून हुभं ऱ्हातंय. साईनाथचा आवाज तिच्या कानात जसाच्या तसा होता.

वारज्यातच डॉक्टर दीपमालाचा दवाखाना आहे. तरुण बाई, बोलणं तोडून टाकल्यासारखं, पण हात हलका. तिने तीळला बघितलं, किती लहान आहे ते बघितलं, खाल्ल्यावर काय होतं ते ऐकलं, आणि म्हणाली की यकृत तपासावं लागेल. लहान जातींत हा जन्मजात दोष असतो, यॉर्कीत तर जास्तच. आतड्यातून निघालेलं रक्त आधी यकृतात जायला हवं, तिथे त्यातलं विष निघतं. या पिल्लांत एक जास्तीची शीर असते. रक्त यकृताला वळसा घालून थेट पुढे जातं, मेंदूपर्यंत.

“म्हणजे शुद्धीकरण केंद्राला बगल देऊन कालव्याचं पाणी सरळ नळाला,” आम्रपाली म्हणाली.

“तेच. आणि पाणी जितकं घाण, तितका नळ घाण. मांस, अंडी पचताना ते विष जास्त निघतं. दूध-दह्याने कमी. म्हणून मांस खाल्लं की पिल्लू पडतं. मांसाने आजार होत नाही. असलेला आजार दिसतो, एवढंच.”

आम्रपालीने विचारलं, आणि जन्मभर दूधभातच खाल्ला तर? डॉक्टर म्हणाली, दोष थोडा असेल तर कित्येक वर्षं कोणाला पत्ता लागत नाही.

तपासणी साधी होती. उपाशीपोटी रक्त घ्यायचं, मग खायला घालायचं, दोन तासांनी पुन्हा घ्यायचं. जेवणानंतर यकृताने जे उचलून घ्यायला हवं ते रक्तातच राहिलं, तर गडबड आहे. दीपमालाने हेही सांगितलं की तपासणी देवाची वाणी नाही. ज्यांच्यात दोष नुसता लपलाय ती कुत्री हिच्यातून सुटतात. पण आजारी पिल्लू तरी कोणाच्या गळ्यात मारलं जात नाही. म्हणूनच तिने मंडळाकडे ठराव पाठवला होता: लहान जातीचं एकही पिल्लू या तपासणीशिवाय विकायचं नाही, आणि ज्यांची पिल्लं काढायची त्या नर-मादींचंही रक्त आधी बघायचं. वार्षिक सभेत त्यावर हात वर व्हायचे होते. त्याच रविवारी. त्याच हॉलमध्ये, जिथून तात्याराव तीळला घेऊन जाणार होते.

“ठराव पडला तर?” आम्रपालीने विचारलं.

“तर तीळ विकला जाईल, कोणीतरी त्याला चिकन घालेल, आणि घालणाऱ्यालाच दोष दिला जाईल.” डॉक्टरने हातमोजे काढले. “मालक म्हणून तुम्ही आत्ताही तपासू शकता. ठरावाची वाट बघायची गरज नाही.”

ते तितकं सोपं नव्हतं. घरी रतनने बाजू मांडली, आणि ती खोटी नव्हती. मंडळात शिरायला त्यांना काय काय करावं लागलं होतं ते दोघांनाही आठवत होतं. पहिल्या वर्षी कोणी आडनाव विचारलं, दुसऱ्या वर्षी गाव विचारलं, तिसऱ्या वर्षी ‘तुमच्यात कुत्री पाळायची आवड असते का’ असं विचारलं. चिमणीने शोमध्ये बक्षीस काढलं तेव्हा कुठे पुढच्या रांगेत जागा झाली. आता तीळ नापास झाला की चिमणी बाद. चिमणी बाद झाली की तिची तिन्ही पिल्लं संशयित. आणि कुबेरवर बोट दाखवलंस तर अख्खं मंडळ अंगावर.

“त्या हॉलमधली खुर्ची चिमणीमुळे मिळालीय आपल्याला,” रतन म्हणाला.

“मग चिमणीलाच बसव तिच्यावर. मी उभी राहते.”

सकाळी ती तीळला घेऊन दवाखान्यात गेली. एवढंसं पोर उपाशी ठेवायचं म्हणजे साखर उतरण्याची भीती, म्हणून दीपमालाने त्याला डोळ्यांसमोर ठेवलं, ग्लुकोज हाताशी. मानेतल्या शिरेतून रक्त घेताना तीळ ओरडला नाही. आम्रपालीच्या अंगठ्याला मात्र दात रोवून राहिला. मग खाणं, मग वाट बघणं. दवाखान्याच्या बाकावर ती बसून राहिली, ऑफिसातून फोन येत राहिले, तिने घेतले नाहीत.

निकाल आला तो फोनवरच. आकडा नुसता वर नव्हता, फार वर होता. त्याच दिवशी केलेल्या सोनोग्राफीत ती जास्तीची शीरही दिसली होती. पण दीपमालाने एक चांगली गोष्ट सांगितली. थोडा मोठा झाला की ऑपरेशन होतं. त्या शिरेभोवती एक बारीक कडं बसवतात, ती हळूहळू मिटत जाते, रक्त आपल्या वाटेला लागतं. तोवर मांस बंद, दूध-दही-भात, आणि रोज एक पातळ गोडसर औषध, पोट साफ राहायला. तीळ जगू शकतो. फक्त त्याला काय झालंय हे माहीत असलेल्या घरात.

आम्रपालीने त्याच संध्याकाळी तात्यारावांना फोन केला. तीळचं यकृत बिघडलंय, तो देता येणार नाही, एवढंच सांगितलं. औषधाचा, पथ्याचा एक शब्द काढला नाही. तात्याराव आधी भडकले. निवड माझी, पिल्लू माझं, मला न विचारता टोचलंत कसं? मग आवाज एकदम मऊ झाला.

“अहो, काही होत नाही. घाबरू नका. मांसमच्छीचा वास द्यायचा नाही. दूधभात, ताकभात. वर ते पातळ गोड औषध मिळतं ना पोट साफ व्हायचं, ते चमचाभर रोज. आठ-दहा वर्षं आरामात निघतात. रविवारी आणा त्याला, गिऱ्हाईक येतंय.”

आम्रपालीने फोन ठेवला.

यांना औषध कसं माहीत?

मग एकेक कडी जुळायला लागली. तात्यारावांच्या घरी तिने कितीदा बघितलं होतं, चांदीच्या वाटीत दूधभात कालवताना ते एका काचेच्या बाटलीतून चमचाभर काहीतरी ओततात. मध आहे म्हणायचे, वंशाची झळाळी त्यानेच येते. मुळशीच्या सहलीत कोणीतरी कुबेरपुढे अंड्याचा तुकडा धरला होता, आणि तात्यारावांनी फटकन हातावर मारून तो उडवला होता. वर म्हणाले होते, आमचा कुबेर सोवळ्यातला. सगळे हसले होते. तीसुद्धा. हसण्यासारखंच होतं ते, सोवळ्यातला कुत्रा. त्या सोवळ्याआड एक सडकं यकृत झाकलेलं होतं, आणि त्याची पिल्लं गावभर वाटली जात होती. सोवळ्याने कुबेर वाचला. साईनाथच्या घरी सोवळं नव्हतं, म्हणून पिल्लू मेलं, आणि खून लेकीच्या हातावर लिहिला गेला.

रविवारी सकाळी तिने पाव किलो खिमा आणला आणि मीठ-हळद घालून शिजत ठेवला. रतन दारात येऊन उभा राहिला. डबा कोणासाठी, ते त्याने विचारलं नाही. त्याला कळलं होतं.

“कुबेरचा काय दोष?” तो म्हणाला.

मागे तीळ फ्रिजजवळ आपल्या टॉवेलवर झोपला होता. चिमणी खिम्याच्या वासाने पायांत घोटाळत होती. कुकर निवाला. तिने स्टीलचा डबा भरला, झाकण दाबलं, पिशवीत ठेवला. दुसऱ्या हातात तीळची टोपली घेतली आणि निघाली.

हॉल नारायण पेठेतल्या एका जुन्या संस्थेचा, पहिल्या मजल्यावर. जिन्यात पाटी: ‘कुत्र्यांस उचलून न्यावे. मालकांनी आपापले चालावे.’ आत पंखे, प्लास्टिकच्या खुर्च्या, बटाटेवड्याचा वास. पुढे टेबलापाशी तात्याराव, शेजारी उशीवर कुबेर. मागच्या रांगेत सोनू नावाची मुलगी बसली होती, हिंजवडीला कामाला. तीळची गिऱ्हाईक. तिने पर्समधून एक कप काढून मांडीवर ठेवला होता. निळ्या फुलांचा, नवा कोरा. फोटोसाठी मुद्दाम घेतला म्हणाली. आम्रपालीला तिचा राग आला नाही. तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

दीपमालाने ठराव मांडला. थोडक्यात, जसं सांगायला हवं तसं. मग सभासद सुरू झाले. विमलाबाई, तीस वर्षं पॉमेरेनियन पाळणाऱ्या, म्हणाल्या की आमच्या वेळी असली फॅडं नव्हती आणि कुत्रीही मरत नव्हती. कोणीतरी मागून पुटपुटलं, मग ती अजून जिवंत असतील. हशा झाला. एकाने विचारलं, पिल्लू नापास झालं तर त्याचं करायचं काय, फेकायचं? एकाने विचारलं, खोटाच निकाल आला तर? हे प्रश्न खरे होते आणि दीपमालाने त्यांची खरी उत्तरं दिली. चूक होऊ शकते, म्हणून पुन्हा तपासायचं. नापास पिल्लू फेकायचं नाही, उपचार करायचे, नुसतं लपवून विकायचं नाही. दोन-चार जणांच्या माना हलायला लागल्या.

तेव्हा तात्याराव उठले.

ते चांगलं बोलतात. सावकाश, एकेक शब्द पुसून ठेवल्यासारखा. म्हणाले, लॅबवाल्यांचं पोट भरायला आपण मंडळ काढलेलं नाही. म्हणाले, वंश डोळ्यांना कळतो, त्याला सुई कशाला? हा कुबेर बघा. इतकी वर्षं झाली, एक दिवस आजारी नाही. ज्याचा बाप असा, त्याच्या पिल्लांना कसली तपासणी? पिल्लं बिघडतात ती घरांमुळे. खाण्यामुळे. संस्कार कुत्र्यांनाही लागतात.

“लग्नाला पत्रिका बघता, रक्तगट बघता,” दीपमाला बसल्या जागेवरून म्हणाली. “कुत्र्याच्या वेळी एकदम डोळ्यांवर विश्वास?”

तात्याराव हसले. म्हणाले, आता मतदान घेऊ, विरोधात कोण कोण? आणि स्वतःचा हात आधी वर केला. विमलाबाईंचा गेला. आणखी काही गेले. बाकीचे इकडेतिकडे बघत होते, कोणाचा हात कुठे आहे ते बघून आपला हलवायचा, ही आपली जुनी पद्धत. आणखी दोन-तीन हात वर गेले असते तर ठराव पडला असता, सभा संपली असती, सोनूने टोपलीत हात घातला असता.

आम्रपाली उभी राहिली. टोपली खुर्चीवर ठेवली आणि डबा घेऊन पुढे गेली. सभेत असं चालत पुढे कोणी जात नाही. हात वर केलेले तसेच राहिले.

“मतदानाला माझी हरकत नाही,” ती म्हणाली. “त्याआधी कुबेरला दोन घास भरवते. भाचीच्या घरचा डबा आहे. मामाला चालेल ना?”

तिने वाकून डबा फरशीवर ठेवला. झाकणाला हात घातला. सॅटिनच्या उशीवरून कुबेरने नाक उचललं. भूक लागली असावी बिचाऱ्याला, सभा लांबली होती. तो उशीवरून उतरला, शेपटी हलवत तिच्याकडे आला. दीपमाला अर्धी उठली. तिला डब्याचं काहीच माहीत नव्हतं. झाकण घट्ट बसलं होतं, निघेना. कुबेरचं नाक डब्याला लागलं.

आणि सत्तरीचे, गुडघ्याला पट्टा बांधून चालणारे तात्याराव टेबलाला वळसा न घालता, टेबलच ढकलून आले. कप पडला, चहा ठरावाच्या कागदांवरून ओघळला. त्यांनी कुबेरला दोन्ही हातांनी फरशीवरून खेचून उचललं, छातीशी दाबलं. इतकं घट्ट की तो केकाटला.

“बाजूला घ्या तो डबा,” ते म्हणाले. आवाज त्यांचा नव्हताच. “बाजूला घ्या आधी.”

पहिल्या रांगेतली दोघं-तिघं उठून उभी राहिली.

आम्रपालीने झाकण काढलं. डबा पहिल्या रांगेसमोर तिरपा केला, सगळ्यांना दिसेल असा. आत दहीभात होता. मऊ, पांढरा, वर मोहरीसुद्धा नाही. खिमा सकाळीच चिमणीने आणि तिच्या तिन्ही धडधाकट पिल्लांनी फस्त केला होता. डबा भरताना आम्रपालीचा हात खिम्याच्या कुकरवर थांबला होता आणि मागे टॉवेलवर तीळ झोपेत पाय झाडत होता. कुबेर तीळचा बाप. कुठल्या वाटेने रक्त जायचं हे त्याने ठरवलं नव्हतं.

मागून कोणीतरी म्हणालं, अरे, दहीभात. विमलाबाईंचा वर गेलेला हात खाली आला. त्यांनी तो मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसल्या. सोनू उठून टोपलीपाशी गेली होती. तिने तीळला हात लावला नाही, नुसती वाकून बघत होती, आणि कप तिच्या हातात उलटा लोंबत होता.

तात्याराव कुबेरला सोडत नव्हते. आम्रपालीला आयुष्यात पहिल्यांदा दिसलं की या माणसाचं त्या कुत्र्यावर खरोखर प्रेम आहे. त्याने तिचा राग कमी झाला नाही. वाढला. साईनाथच्या लेकीचंही आपल्या पिल्लावर होतं.

“दहीभात आहे, तात्याराव,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. “कुबेरच्या वाटीत रोज असतो तसाच. याने काही झालं नसतं त्याला. तुम्ही न बघताच धावलात. आता सांगा, का उचललंत? डब्यात मटण असेल आणि ते खाऊन हा इथे सगळ्यांसमोर भिंतीला डोकं लावून उभा राहील, म्हणून? तसं असेल तर याला काय झालंय ते तुम्हाला आधीपासून माहीत आहे. तरी तुम्ही त्याची पिल्लं विकलीत, आणि एका पोरीला सांगितलंत की तुझ्या हाताने मेलं. का डबा माझ्या घरचा म्हणून उचललंत? तसं असेल तर तेही बोला. इतकी वर्षं आडवळणाने बोलताय, एकदा सरळ बोला. डॉक्टर बसल्या आहेत, कुबेरचं रक्त आत्ता घेता येईल. आणि माझा तीळ या हॉलमधून कोणाच्या कपात जाणार नाही, मतदान काहीही होवो.”

टेबलावरून चहा अजून थेंब थेंब फरशीवर गळत होता.

“पण हात वर करायच्या आधी या लोकांना कळू दे ते कशाला हात वर करताहेत. दोनपैकी कुठलं? का उचललंत त्याला? मला उत्तर द्या.”